स्विचिंग लूप : टाळण्याची आणि झालाच तर शोधून काढण्याची क्रमवार पद्धत

नेटवर्क एकाएकी ठप्प होते, रॅकमधील सगळ्या स्विचचे दिवे एकाच वेळी अखंड लुकलुकू लागतात, आणि कोणीतरी घाईघाईने मुख्य स्विच बंद करून पुन्हा चालू करतो. मिनिटभर सारे सुरळीत झाल्यासारखे वाटते आणि मग पहिले पाढे पंचावन्न. याचे कारण साधे आहे. लूप, म्हणजे पाठवलेला डेटा फिरून पुन्हा त्याच स्विचकडे येईल असे वर्तुळ, स्विचच्या मेमरीत नसतो, तो केबलींच्या जोडणीत असतो. स्विच बंद असेपर्यंत वर्तुळ तुटलेले राहते, आणि तो सुरू झाल्यावर एखाद्या संगणकाने पाठवलेली पहिलीच ब्रॉडकास्ट फ्रेम, म्हणजे सर्वांना उद्देशून असलेला डेटाचा तुकडा, ते वर्तुळ पुन्हा फिरते करते.

पुढील टप्पे समजण्यासाठी एवढेच लक्षात ठेवावे, की आयपी पॅकेटमध्ये आयुष्य मोजणारा टीटीएल हा आकडा असतो, पण इथरनेट फ्रेममध्ये तसे काहीही नसते. ब्रॉडकास्ट फ्रेम ज्या पोर्टवरून आली तो सोडून बाकी सर्व पोर्टांवर स्विच ती पाठवतो, त्यामुळे मार्ग वर्तुळाकार असेल तर ती फ्रेम कोणी वर्तुळ तोडेपर्यंत फिरतच राहते. एक गिगाबिटच्या लिंकवर ६४ बाइटच्या लहान फ्रेम सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार इतक्या मावतात, म्हणून एवढी क्षमता भरायला फार वेळ लागत नाही. त्याच वेळी एकच मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा हार्डवेअर पत्ता, कधी या पोर्टवर तर कधी त्या पोर्टवर दिसू लागतो आणि कोणता पत्ता कोणत्या पोर्टवर आहे याची स्विचमधील नोंद, म्हणजे मॅक टेबल, अस्थिर होते. हीच खूण पुढे शोधकार्यात उपयोगी पडते.

## टप्पा १ : हात लावण्यापूर्वीची तयारी

लूप शोधायला लागणाऱ्या वेळेतील मोठा भाग कोणती केबल कुठे जाते हे शोधण्यात जातो, आणि ते काम नेटवर्क चालू असतानाच करून ठेवता येते. प्रत्येक स्विचवर एलएलडीपी (शेजारच्या उपकरणांना आपली ओळख सांगणारा प्रोटोकॉल) सुरू करून शेजारी कोण आहे हे नोंदवावे आणि प्रत्यक्ष केबलीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी. नकाशात तीन गोष्टी हव्यातच : कोणता पोर्ट कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टला जोडला आहे, त्यातील कोणती जोडणी राखीव आहे, आणि सामान्य स्थितीत स्पॅनिंग ट्रीने, म्हणजे लूप टाळण्यासाठी जादा मार्ग अडवणाऱ्या स्विचमधील यंत्रणेने, कोणता पोर्ट अडवून धरलेला असतो. तिसरी नोंद बहुतेक नकाशांत नसते. माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे, कारण जो पोर्ट अडवलेला असायला हवा तो खुला दिसला की तपास अर्धा संपतो.

यासोबत सामान्य दिवशी प्रत्येक अपलिंकवर (स्विचला दुसऱ्या स्विचशी जोडणाऱ्या लिंकवर) सेकंदाला किती ब्रॉडकास्ट फ्रेम येतात हे गजबजलेल्या आणि शांत अशा दोन्ही वेळांना मोजून लिहून ठेवावे. हा आकडा टप्पा ४ मध्ये लागणार आहे.

तपासणी : कन्सोल केबल (नेटवर्कशिवाय थेट स्विचला जोडायची केबल) हाताशी आहे का, ती आपल्या लॅपटॉपला चालते का, आणि पासवर्ड नेटवर्कवरील सर्व्हरला न विचारता स्विचवरच स्वीकारला जातो का, हे आजच करून पाहावे. वादळ, म्हणजे लूपमुळे उसळलेला ब्रॉडकास्टचा पूर, सुरू असताना नेटवर्कवरून स्विचपर्यंत पोहोचता येईल असे गृहीत धरणे ही पहिली चूक आहे.

## टप्पा २ : रूट स्विच स्वतः ठरवणे

स्पॅनिंग ट्री एका स्विचला मूळ मानून बाकी रचना त्याच्या भोवती उभी करते. ज्याचा ब्रिज आयडी सर्वांत लहान तो रूट, आणि हा आयडी प्राधान्य व मॅक पत्ता यांचा मिळून बनतो. प्राधान्याचा मूळ आकडा बहुतेक स्विचवर ३२७६८ असतो. तो कोणीच बदलला नाही तर निवड मॅक पत्त्यावर जाते. लहान मॅक पत्ता बऱ्याचदा जुन्या उपकरणाचा असतो. म्हणजे कोपऱ्यातला, सर्वांत मंद, निवृत्तीला आलेला स्विच साऱ्या नेटवर्कचा केंद्रबिंदू होऊन बसतो आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

मुख्य स्विचला ४०९६ आणि त्याच्या जोडीदाराला ८१९२ असे प्राधान्य द्यावे. हा आकडा ४०९६ च्या पटीतच द्यावा लागतो. काही स्विचवर तो ३२७६९ किंवा ४०९७ असा विचित्र दिसला तर गोंधळू नये. त्यात व्हीलॅनचा, म्हणजे नेटवर्कच्या आभासी विभागाचा, क्रमांक मिळवलेला असतो.

तपासणी : प्रत्येक स्विचवर स्पॅनिंग ट्रीची स्थिती पाहावी. सर्वांनी एकाच रूटचा पत्ता सांगितला पाहिजे. दोन स्विच स्वतःलाच रूट म्हणवत असतील, तर त्यांच्यामधील कोणत्यातरी लिंकवरून बीपीडीयू, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचे आपसातील संदेश, पोहोचत नाहीत. ते का पोहोचत नाहीत हे कळेपर्यंत पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

## टप्पा ३ : सर्वत्र एकच प्रकार

जुनी एसटीपी, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा मूळ प्रकार, बदल झाल्यावर सावरायला ३० ते ५० सेकंद घेते : दर २ सेकंदांनी बीपीडीयू, तो न आल्यास २० सेकंद वाट, आणि पुढे १५ सेकंदांचे दोन थांबे. आरएसटीपी हा तिचा वेगवान प्रकार; तो हेच काम बहुधा सेकंदा-दोन सेकंदांत उरकते आणि सलग तीन संदेश चुकले की शेजारी गेला असे मानते. म्हणून सर्वत्र आरएसटीपी, किंवा अनेक व्हीलॅन असल्यास त्यांचे गट करून चालणारी एमएसटीपी, असे एकच धोरण ठेवावे. मध्येच जुनी एसटीपी बोलणारा स्विच आला तर त्याच्याकडे जाणारा पोर्ट जुन्या, मंद पद्धतीवर उतरतो.

एमएसटीपी वापरताना प्रदेशाचे नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि कोणते व्हीलॅन कोणत्या गटात आहेत याचा तक्ता, या तिन्ही गोष्टी सर्व स्विचवर अक्षरशः तंतोतंत जुळाव्या लागतात. नावातील एक अक्षर लहान-मोठे झाले तरी तो स्विच वेगळ्या प्रदेशात गणला जातो.

आरएसटीपीचा वेग फक्त फुल डुप्लेक्स लिंकवर, म्हणजे एकाच वेळी दोन्ही दिशांना वाहतूक चालणाऱ्या लिंकवर, मिळतो. एका टोकाला फुल डुप्लेक्स हाताने ठरवलेला आणि दुसऱ्या टोकाला स्वयंचलित, अशी जोडी झाली की दुसरे टोक हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकच दिशा) जाते, फ्रेम आदळून हरवतात, त्यांत बीपीडीयूही हरवतात, आणि अडवलेला पोर्ट शेजारी गेला असे समजून खुला होतो. लूप होतो तो असा, कोणी नवीन केबल न लावताही.

सावधान : लवकर सावरावे म्हणून वेळांचे आकडे कमी करण्याचा मोह टाळावा. मूळ आकडे कोणत्याही दोन टोकांमध्ये जास्तीत जास्त सात स्विच असतील असे धरून ठरवलेले आहेत. स्विचची साखळी त्याहून लांब असेल तर आकडे बदलण्याऐवजी साखळी छोटी करावी.

## टप्पा ४ : कडेचे पोर्ट

बहुतेक लूप इथे जन्मतात, म्हणून इथे थोडे थांबू. कडेचा पोर्ट म्हणजे ज्याच्या पलीकडे संगणक, प्रिंटर किंवा फोन असतो आणि दुसरा स्विच कधीही नसावा असा पोर्ट. त्यावर दोन सेटिंगे जोडीने करावीत. पहिले म्हणजे तो कडेचा असल्याचे सांगणारे, ज्याला अनेक स्विचवर पोर्टफास्ट म्हणतात; त्यामुळे पोर्ट लगेच खुला होतो. दुसरे बीपीडीयू गार्ड. त्या पोर्टवर बीपीडीयू आला की हे सेटिंग पोर्ट बंद करते. नेहमीची चूक म्हणजे पहिले करून दुसरे राहू देणे. पोर्ट वाट न पाहता खुला होतो आणि लूपला आरंभीचे काही क्षण मोकळे रान मिळते.

त्याहून गंभीर चूक नावाच्या साधर्म्यामुळे होते. बीपीडीयू फिल्टर हे बीपीडीयू गार्ड नव्हे. पोर्टवर थेट फिल्टर लावला की स्विच तिथे बीपीडीयू पाठवतही नाही आणि आलेला वाचतही नाही. म्हणजे त्या पोर्टपुरती स्पॅनिंग ट्री बंद केल्यासारखेच होते. मला इतरांच्या सेटिंगमध्ये हा फिल्टर सापडतो तेव्हा तो बहुधा पोर्ट सारखा बंद पडतो या तक्रारीवर उपाय म्हणून लावलेला असतो. पोर्ट बंद पडत होता, कारण त्याच्या पलीकडे खरोखरच काहीतरी चुकीचे जोडलेले होते.

आता बीपीडीयू गार्डलाही न दिसणारा प्रकार. टेबलाखाली ठेवलेल्या छोट्या अनमॅनेज्ड (सेटिंग करता न येणाऱ्या) स्विचच्या दोन पोर्टांमध्ये कोणीतरी एकच केबल लावतो. तो छोटा स्विच बीपीडीयू जसाच्या तसा पुढे पाठवत असेल, तर आपल्याच स्विचचा संदेश फिरून त्याच पोर्टवर परत येतो आणि गार्ड काम करतो. पण काही छोटे स्विच बीपीडीयूच्या राखीव पत्त्यावरील, म्हणजे ०१-८०-सी२-००-००-०० वरील, फ्रेम गिळून टाकतात. मग आपल्या स्विचला काहीही कळत नाही आणि त्या पोर्टमधून वादळ आत येत राहते. यासाठी दोन उपाय लागतात.

पहिला उपाय लूप डिटेक्शन. यात स्विच स्वतःच्या खास फ्रेम पाठवतो आणि त्या परत आल्या तर पोर्ट बंद करतो. या फ्रेम बीपीडीयूच्या राखीव पत्त्यावर जाणाऱ्या नसतील, तर छोटा स्विच त्या अडवत नाही. दुसरा उपाय स्टॉर्म कंट्रोल, म्हणजे ब्रॉडकास्टवर मर्यादा. ही मर्यादा टक्क्यांत देण्यापेक्षा शक्य तिथे सेकंदाला इतक्या फ्रेम अशी द्यावी. गिगाबिट पोर्टवर एक टक्का ऐकायला नगण्य वाटतो, पण लहान फ्रेमच्या हिशेबात तो सेकंदाला चौदा हजारांहून अधिक होतो, आणि तेवढ्या ब्रॉडकास्टने जोडलेली कमकुवत उपकरणे सहज हैराण होतात. टप्पा १ मध्ये मोजलेल्या सर्वोच्च आकड्याच्या काही पट मर्यादा ठेवावी. त्या आकड्याला चिकटून ठेवल्यास गजबजलेल्या वेळी निर्दोष पोर्ट बंद पडू लागतील.

सावधान : टेबलावरील आयपी फोनला दोन पोर्ट असतात, एक भिंतीकडे आणि एक संगणकाकडे. टेबल आवरताना दोन्ही केबली भिंतीत लावल्या जाणे हे लूपचे अगदी नेहमीचे कारण आहे. तारेने जोडलेली मेश वायफाय उपकरणे आणि वायफाय व केबल यांचा ब्रिज केलेला लॅपटॉप हेही त्याच पंक्तीतले.

## टप्पा ५ : अपलिंकचे रक्षण

मुख्य स्विचवरून खालच्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टांवर रूट गार्ड लावावा. त्यामुळे खालून कोणी अधिक चांगला ब्रिज आयडी घेऊन आला तरी त्याला रूट होता येत नाही. खालच्या स्विचच्या वर जाणाऱ्या पोर्टांवर, त्यातही विशेषतः अडवलेल्या पोर्टावर, लूप गार्ड लावावा. बीपीडीयू येणे अचानक थांबले तर तो पोर्ट खुला न होता अडलेलाच राहतो. दोन्ही एकाच पोर्टवर लावू नयेत, कारण त्यांच्या जागा परस्परविरुद्ध आहेत.

फायबरवर आणखी एक धोका असतो. जोडीतील एकच धागा तुटला तर लिंक एका दिशेने चालू राहू शकते, आणि अडवलेल्या पोर्टाला बीपीडीयू मिळेनासे झाले तरी तो स्वतः पाठवू शकतो. यूडीएलडी किंवा तत्सम सोय अशी एकतर्फी लिंक ओळखते. ती दोन्ही टोकांना सुरू असावी लागते.

## टप्पा ६ : अनेक केबली एकत्र जोडताना

दोन स्विचमधील दोन-चार केबली एकच लिंक म्हणून वापरताना लूप होतो तो क्रम चुकल्यामुळे. केबली आधी लावल्या आणि सेटिंग नंतर केले, किंवा एका टोकाला स्थिर गट केला आणि दुसरे टोक विसरले, की एक बाजू त्यांना एक लिंक समजते आणि दुसरी बाजू अनेक. योग्य क्रम असा :

१. दोन्ही टोकांचे संबंधित पोर्ट सेटिंगमधून बंद करावेत.
२. दोन्ही टोकांना एलएसीपी गट (दोन्ही टोके आपसात संदेश पाठवून जुळवतात तो) तयार करावा. स्थिर गट टाळावा, कारण दुसरे टोक तयार आहे की नाही हे तो विचारत नाही.
३. दोन्ही बाजूंची व्हीलॅनची यादी जुळवून पाहावी.
४. केबली लावाव्यात, एकच जोडी सुरू करावी आणि ती गटात आल्याचे दोन्ही टोकांना पाहावे.
५. मग बाकीच्या जोड्या एकेक करून सुरू कराव्यात.

## टप्पा ७ : लूप झाल्यावर

काहीही उपटण्यापूर्वी हा लूपच आहे ना, याची खात्री करावी. लूपमध्ये ब्रॉडकास्टचा आकडा टप्पा १ मधील नोंदीच्या कित्येक पट असतो आणि लॉगमध्ये तोच मॅक पत्ता दोन पोर्टांमध्ये उड्या मारत असल्याचे संदेश दिसतात. एखादा पोर्ट सतत चालू-बंद होत असेल तर स्पॅनिंग ट्री पुन्हापुन्हा बदल जाहीर करते, मॅक टेबल रिकामे होते आणि साधी वाहतूकही सगळीकडे पसरते. ते दुरून लूपसारखे दिसते, पण त्यावरचा उपाय वेगळा आहे : सविस्तर स्थितीत शेवटचा बदल कोणत्या पोर्टवरून आला हे दिसते, तिकडे जावे.

लूप असल्याची खात्री पटली की कन्सोलने मुख्य स्विचवर जावे आणि पोर्टांचे मोजमाप शून्य करावे, कारण जुने साठलेले आकडे दिशाभूल करतात. दहा सेकंदांनी पुन्हा वाचावे. इथे सर्वांत जास्त वेळा होणारी चूक सांगतो. वादळ सर्व पोर्टांवरून बाहेर पडत असते, त्यामुळे बाहेर जाणारा आकडा सगळीकडेच प्रचंड असतो आणि त्यातून काहीही कळत नाही. पाहायचे ते फक्त आत येणाऱ्या ब्रॉडकास्टकडे.

आत येणारा आकडा एकाच पोर्टवर मोठा असेल, तर लूप त्या पोर्टच्या पलीकडे आहे. नकाशावर तो पोर्ट कुठे जातो हे पाहून पुढच्या स्विचवर जावे आणि हेच मोजमाप पुन्हा करावे. दोन किंवा अधिक पोर्टांवर मोठा असेल, तर हा स्विच बहुधा स्वतःच वर्तुळाचा भाग आहे. असा पाठलाग केल्यास मोठ्या नेटवर्कमध्येही तीन-चार स्विचमध्ये मूळ गाठता येते, उलट अंदाजाने केबली उपटत बसल्यास दिवस जातो.

स्विच आज्ञा स्वीकारत नसेल इतका दबला असेल, तर मुख्य स्विचवरील राखीव अपलिंक एकेक करून काढाव्यात. प्रत्येक केबल काढण्यापूर्वी तिच्यावर पोर्टचा क्रमांक लिहावा. योग्य केबल निघाली की दिव्यांचे लुकलुकणे जवळजवळ तत्क्षणी शांत होते. मात्र स्विच आज्ञांना उत्तर देऊ लागायला थोडा वेळ लागू शकतो.

सावधान : केबली परत लावताना घाई करू नये. जुन्या एसटीपीवर केबल लावल्यापासून पोर्ट खुला व्हायला ३० सेकंद जातात. माझी एक अख्खी दुपार अशीच गेली : दर दहा सेकंदांनी एक केबल लावत गेलो, सातव्या केबलीला वादळ उठले आणि मी सातवीला दोष देत बसलो, गुन्हेगार होती चौथी. दोन केबलींमध्ये किमान एक मिनिट थांबावे आणि मधल्या वेळात ब्रॉडकास्टचा आकडा वाचावा.

## टप्पा ८ : स्पॅनिंग ट्रीने का अडवले नाही ?

केबल सापडली म्हणून काम संपत नाही. ती जागा पाहून पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत. त्या पोर्टवर किंवा व्हीलॅनवर स्पॅनिंग ट्री बंद होती का ? तिथे बीपीडीयू फिल्टर होता का ? मध्ये अनमॅनेज्ड स्विच होता का ? डुप्लेक्स जुळत होता का ? फायबरचा एखादा धागा एकतर्फी झाला होता का ? केबलींच्या गटाची दोन्ही टोके सारखी होती का ? यांतील एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर स्विचचा सीपीयू इतका व्यग्र होता का की त्याला स्वतःचे बीपीडीयू वेळेवर पाठवता आले नाहीत, हे लॉगमध्ये पाहावे.

बंद झालेला पोर्ट आपोआप खुला होण्याची सोयही याच वेळी तपासावी. अनेक स्विचवर ती ३०० सेकंदांनी होते. कारण दूर केलेले नसेल तर दर पाच मिनिटांनी नेटवर्कला एक झटका बसतो आणि वापरणारे नेट अधूनमधून अडकत असल्याची तक्रार करतात, ज्यावरून लूपचा संशय कोणालाच येत नाही.

## टप्पा ९ : मुद्दाम लूप करून पाहणे

कामकाज नसलेल्या वेळी, पूर्वसूचना देऊन, कन्सोल जोडून आणि केबलीवर हात ठेवून एका कडेच्या स्विचच्या दोन पोर्टांमध्ये एक केबल लावावी. बीपीडीयू गार्ड असेल तर किमान एक पोर्ट काही सेकंदांत बंद व्हायला हवा आणि लॉगमध्ये त्याचे कारण दिसायला हवे. मग पोर्ट पुन्हा खुले करून हीच चाचणी छोटा अनमॅनेज्ड स्विच मध्ये ठेवून करावी, म्हणजे केबलीची दोन्ही टोके त्या छोट्या स्विचमध्ये लावावीत. ही दुसरी चाचणी बहुतेक जण वगळतात. दहा सेकंदांत पोर्ट बंद झाला नाही किंवा स्टॉर्म कंट्रोलने ब्रॉडकास्ट मर्यादेत आणले नाही, तर केबल ताबडतोब काढावी आणि त्या स्विचपुरता टप्पा ४ पुन्हा करावा.